चिखलाचा हिशेब मांडणारा माणूस : कार्ल टर्झागी आणि न्हावा शेव्याची जमीन

उरण : न्हावा शेवा बंदराच्या यार्डात आज कंटेनरवर कंटेनर रचलेले दिसतात. एकेका भरलेल्या कंटेनरचं वजन वीस-पंचवीस टन असू शकतं. मधून अवजड ट्रेलर फिरतात, वर क्रेन चालतात. हे सगळं जिथे उभं आहे, तिथे बंदर येण्याआधी खाजण, मिठागरं आणि भरतीचं पाणी होतं. निवट्या धरायला उतरलेल्या माणसाचा पाय तिथे गुडघ्यापर्यंत रुतायचा. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं, तेव्हा जुन्या माणसांना एकच प्रश्न पडत होता. ज्या चिखलात माणूस उभा राहत नाही, त्यावर एवढं वजन कसं राहणार?

या प्रश्नाचं उत्तर साधारण शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका समुद्रकाठच्या शहरात, इस्तंबूलमध्ये सापडलं. ते शोधणाऱ्या माणसाचं नाव कार्ल टर्झागी. आज जगात कुठेही पाया खोदण्याआधी माती तपासायला बोअर मारतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवतात, तेव्हा त्यामागे याच माणसाचं काम असतं. इंजिनिअर त्याला मृदायांत्रिकी या शास्त्राचा जनक मानतात. त्याचा जन्म, भटकंती, अपयश, भांडणं आणि शेवटी मिळालेला मान ही सगळी कथा उरण, पनवेल, अलिबागच्या माणसाने वाचावी अशी आहे. कारण भरावाच्या जमिनीवर घर बांधायची वेळ आता आपल्या घराघरात आली आहे.

लष्करी घरातला मुलगा

कार्ल टर्झागीचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग शहरात झाला. तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील लष्करात अधिकारी होते. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब ग्राझ या गावी राहायला गेलं. मुलाला दहाव्या वर्षी लष्करी शाळेच्या वसतिगृहात घातलं. तिथे त्याचा जीव रमला तो भूगोलात आणि आकाशातल्या ग्रहताऱ्यांत.

पुढे त्याने ग्राझच्या तांत्रिक महाविद्यालयात मेकॅनिकल इंजिनिअरिंग घेतलं. स्वभाव बंडखोर होता. एकदा तर कॉलेजातून काढून टाकायची वेळ आली होती. पण १९०४ साली तो चांगल्या गुणांनी पास होऊन बाहेर पडला. यंत्रांपेक्षा त्याला डोंगर, दगड आणि माती जास्त आवडायची. सक्तीच्या लष्करी नोकरीच्या वर्षात त्याने भूशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये उतरवलं आणि त्यात स्वतःची भर घातली.

नंतर व्हिएन्नाच्या एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली. क्रोएशियात जलविद्युत प्रकल्प, रशियात सेंट पीटर्सबर्गला बांधकामं, अशी कामं करत तो फिरत राहिला. १९१२ साली त्याने डॉक्टरेटही मिळवली. पण कामावर एक गोष्ट त्याला सतत खुपत होती. लोखंड किती वजन घेईल, दगड किती घेईल, याचं गणित होतं. ज्या मातीवर सगळं उभं राहायचं, तिच्या खचण्याचं भरवशाचं गणित मात्र नव्हतं. मुकादम टाच मारून बघायचा, जुना गवंडी पहार आपटून बघायचा आणि पाया घातला जायचा. चांगलं निघालं तर नशीब, भेग पडली तरी नशीब.

अमेरिकेतून रिकाम्या हाती

१९१२ सालीच टर्झागी अमेरिकेला गेला. तिथे पश्चिम भागात सरकारी धरणांची मोठी कामं चालू होती. त्याचा बेत साधा होता. प्रत्येक धरणाच्या जागी कोणती माती आहे ते लिहायचं, तिथे पुढे काय घडलं ते लिहायचं, आणि दोन्हींचा मेळ घालून नियम काढायचा. तो धरणाधरणावर फिरला, ढीगभर नोंदी केल्या. १९१३ च्या डिसेंबरात परत आला तो निराश होऊन.

मेळ बसतच नव्हता. कागदावर दोन ठिकाणी चिकणमाती असंच लिहिलेलं असायचं, पण एका ठिकाणी बांधकाम भक्कम उभं आणि दुसऱ्या ठिकाणी खचलेलं. यातून त्याला एक गोष्ट कळली. मातीला नुसतं नाव देऊन काही कळत नाही. तिच्यात पाणी किती, ती किती दाबली जाते, पाणी तिच्यातून किती वेगाने वाहतं, हे मोजायला हवं.

आपल्याकडेही हेच आहे. खारातली निळसर काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि दगडासारखी कडक होते. तीच माती खाडीच्या तोंडाशी लापशीसारखी असते. नाव एक, पण पायाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू. फरक आहे तो आतल्या पाण्याचा.

इस्तंबूलची खोकी

पहिलं महायुद्ध लागलं आणि टर्झागीला लष्करात बोलावलं गेलं. १९१६ साली त्याला इस्तंबूलच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला पाठवलं. १९१८ साली युद्ध संपलं, त्याची बाजू हरली आणि नोकरी गेली. परक्या मुलुखात हातात काही नव्हतं. तेव्हा त्याच शहरातल्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेने त्याला शिकवायचं काम दिलं.

पगार तुटपुंजा होता आणि प्रयोगशाळा नव्हती. पण डोक्यातला प्रश्न पक्का होता. मातीबद्दल काय काय शोधायला हवं आणि त्यासाठी कोणते प्रयोग करावे लागतील, हे त्याने एका कागदावर मांडलं आणि कामाला लागला. सिगारची रिकामी खोकी आणि कॉलेजच्या भंगारात पडलेल्या वस्तू यांतून त्याने उपकरणं उभी केली.

त्यातलं एक उपकरण आजही प्रत्येक माती प्रयोगशाळेत सुधारलेल्या रूपात दिसतं. धातूच्या कड्यात ओल्या मातीची चकती बसवायची. वर आणि खाली पाणी झिरपेल असा सच्छिद्र दगड ठेवायचा. वरून वजन टाकायचं आणि माती किती बसली ते मिनिटामिनिटाने, मग तासातासाने, मग दिवसादिवसाने लिहायचं. दिसायला साधा प्रयोग, पण जमीन खचण्याचं कोडं त्यातूनच सुटलं.

चिखल खचतो म्हणजे काय होतं

टर्झागीच्या लक्षात आलं की ओल्या चिकणमातीवर टाकलेलं वजन दोघं मिळून उचलतात. एक, मातीच्या कणांचा सांगाडा. दुसरा, कणांमध्ये अडकलेलं पाणी. वजन टाकताच पहिला भार पाण्यावर येतो. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सुरुवातीला जमीन फारशी हलत नाही. मग ते पाणी वाट मिळेल तिकडे हळूहळू निसटू लागतं. जेवढं पाणी बाहेर पडतं तेवढा भार कणांवर सरकतो, कण जवळ येतात आणि जमीन बसते.

हे समजवायला त्याने स्प्रिंगचं उदाहरण वापरलं. पाण्याने भरलेल्या डब्यात एक स्प्रिंग आहे, वर बारीक भोकं असलेलं झाकण आहे. झाकणावर वजन ठेवलं तर आधी पाणीच भार घेतं. भोकांतून पाणी निघत जातं तसतसं स्प्रिंग दबत जाते. स्प्रिंग म्हणजे कणांचा सांगाडा, भोकं म्हणजे मातीतल्या बारीक वाटा.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही आपल्या भागासाठी फार मोलाच्या आहेत.

पहिली गोष्ट ताकदीची. पाण्यावर आलेल्या भाराने मातीची ताकद वाढत नाही. ताकद वाढते ती कणांवर भार आला की. म्हणून चिखलावर एकदम दहा-बारा फूट भराव ओतला तर खालचा चिखल बाजूला सरकतो आणि शेजारची जमीन फुगून वर येते. तोच भराव थराथराने, मध्ये वेळ देऊन टाकला तर खालचा चिखल घट्ट होत जातो आणि पुढचा थर पेलतो.

दुसरी गोष्ट वेळेची. चिकणमातीतून पाणी अतिशय हळू निघतं. थर जाड असेल तर पाण्याला लांबचा रस्ता काटावा लागतो. टर्झागीच्या गणितानुसार थराची जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ दुप्पट नाही, चौपट होतो. समजा तीन मीटर जाडीचा थर बसायला एक वर्ष लागलं. तशाच मातीचा सहा मीटरचा थर चार वर्षं घेईल आणि बारा मीटरचा थर सोळा वर्षं. भरावावर बांधलेलं घर दोन पावसाळे नीट राहतं, म्हणून लोक निश्चिंत होतात आणि पाचव्या-सहाव्या वर्षी भिंतीला तिरपी भेग दिसते, त्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

हे गणित टर्झागीने १९२३ साली प्रसिद्ध केलं. १९२५ साली व्हिएन्नात त्याचं मातीच्या यंत्रशास्त्रावरचं जर्मन पुस्तक आलं. इंजिनिअर लोक याच वर्षाला या शास्त्राचं जन्मवर्ष मानतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने त्याला शिकवायला बोलावलं. भंगारातल्या वस्तूंनी सुरू झालेलं काम जगासमोर आलं.

न्हावा शेव्याला हे गणित कसं लागलं

न्हावा आणि शेवा ही मुळात खाडी आणि दलदलीने वेढलेली बेटं. डोंगराच्या पायथ्याशी कातळ वर आलेला, आणि थोडं पुढे गेलं की तोच कातळ खोल जाऊन वर मऊ समुद्री चिखलाचा जाड थर. चिखलाखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ, अशी साधारण रचना. बंदराच्या यार्डासाठी हा चिखल आधी बसवून घेणं भाग होतं. पण जाड थर आपोआप बसायची वाट पाहायची तर एक पिढी जाईल.

उपाय टर्झागीच्या गणितातच होता. वेळ ठरतो तो पाण्याला काटाव्या लागणाऱ्या अंतरावर. मग अंतरच कमी करायचं. चिखलात उभ्या वाती घालायच्या. आधी यासाठी वाळूचे उभे खांब वापरत. पुढे स्वीडनमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघाल्या, आणि आता साधारण दहा सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, कापडाच्या गाळणीत गुंडाळलेल्या. मशीनने त्या एक-दीड मीटर अंतरावर खोल चिखलात घुसवतात. मग वरून मुरमाचा मोठा भार टाकतात आणि काही महिने ठेवतात. पाण्याला आता दहा-पंधरा मीटर वर यायचं नसतं, फक्त हातभर अंतरावरची वात गाठायची असते. वर्षानुवर्षांचं काम महिन्यांत होतं. जमीन बसते, जादा भार काढून घेतात आणि मग फरसबंदी करतात. न्हावा शेवा बंदराच्या जमिनीसाठी हीच पद्धत वापरली गेली.

अटल सेतूची गोष्ट वेगळी. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावर. त्याचे खांब चिखलावर टेकलेले नाहीत. चिखल भेदून खालच्या खडकात रोवलेल्या पाईलवर ते उभे आहेत. खडक कुठे किती खोल आणि किती झिजलेला, हे समुद्रात बोअर मारून आधी तपासावं लागतं. एकाच खाडीत एका कामाला चिखल सुधारून घेतला, दुसऱ्या कामाला चिखल ओलांडून खडक गाठला. कुठे काय करायचं हे तपासणीतून ठरतं, अंदाजाने नाही.

हातोड्याचे ठोके आणि जमिनीतला करंट

१९२९ साली टर्झागी व्हिएन्नात प्राध्यापक म्हणून परतला. त्याच वर्षी त्याने धरणांविषयी एक लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा की जमिनीतली अगदी बारीकशी गोष्ट, वाळूची एक पातळ शीर किंवा चिकणमातीचा एक पट्टा, मोठं बांधकाम धोक्यात आणू शकते. आणि अशी शीर दोन बोअरच्या मध्ये लपून राहू शकते. १९३० साली त्याने रूथ डॉगेटशी लग्न केलं. ती स्वतः भूशास्त्राची अभ्यासक होती आणि पुढे आयुष्यभर त्याच्या कामात त्याच्या बरोबरीने राहिली.

आज आपल्याकडे प्लॉटवर तिकटं उभं करून बोअर मारतात, तेव्हा दर काही फुटांवर हातोड्याचे ठोके ऐकू येतात. ती एसपीटी चाचणी. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा आणि नमुन्याची नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिल्या १५ सेंटिमीटरचे सोडून द्यायचे, उरलेल्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे त्या खोलीचा एन आकडा. ही चाचणी अमेरिकेत आधीपासून होती. पण टर्झागी आणि त्याचा सहकारी राल्फ पेक यांनी १९४८ च्या त्यांच्या पुस्तकात ठोक्यांचा आकडा आणि मातीची ताकद यांचा मेळ घालून दिला, आणि ती जगभर रूढ झाली. चिकणमातीत आकडा दोनच्या खाली असेल तर ती अतिशय मऊ, तीसच्या वर असेल तर कडक. खाडीच्या चिखलात कधीकधी हातोडा मारायची गरजच पडत नाही, नळी स्वतःच्या वजनाने खाली जाते.

पण बोअर म्हणजे एका ठिकाणचं भोक. दोन बोअरच्या मध्ये काय आहे ते बघायला भूभौतिक चाचण्या लागतात. त्यातल्या दोन आपल्याकडे जास्त चालतात.

एक विजेची. जमिनीत एका रेषेत चार लोखंडी सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्टेज पडतं ते मोजतात. खाऱ्या पाण्याने भिजलेला चिखल करंट सहज वाहू देतो, घट्ट कातळ अडवतो. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की अधिक खोलवरचा अंदाज येतो. विहिरीचं पाणी शोधायलाही हीच पद्धत वापरतात, त्यामुळे ती गावाकडे ओळखीची आहे.

दुसरी कंपनाची. जमिनीवर ठेवलेल्या पत्र्यावर घण मारतात आणि ठरावीक अंतरावर लावलेली यंत्रं कंपन कधी पोचलं ते टिपतात. भिजलेल्या गाळात कंपनाचा वेग सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास, तर घट्ट कातळात चार-पाच हजारांपर्यंत. या फरकावरून कातळ किती खोल आहे त्याचा नकाशा काढता येतो.

दोन्ही पद्धतींना मर्यादा आहे. झिजलेल्या कातळात खारं पाणी शिरलं असेल तर विजेची चाचणी त्याला चिखल समजू शकते. भिजलेला मऊ गाळ आणि भिजलेली वाळू कंपनाला जवळपास सारखीच दिसू शकते. म्हणून नियम असा की यंत्राने सांगितलेलं बोअरने पडताळून घ्यायचं. यंत्र मधली जागा दाखवतं, बोअर खात्री देतो. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशा भूभौतिक तपासण्यांचं काम होतं.

व्हिएन्नातला कडू वाद

टर्झागीचं नाव मोठं होत होतं तसे विरोधकही उभे राहिले. व्हिएन्नातच पॉल फिलुंगर नावाचे प्राध्यापक होते. टर्झागीचं गणित चुकीचं आहे असं त्यांचं ठाम मत होतं. १९३६ साली त्यांनी एक पुस्तिका काढून टर्झागीवर जाहीर हल्ला चढवला. टर्झागीनेही माघार घेतली नाही. प्रकरण विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे गेलं आणि निकाल टर्झागीच्या बाजूने लागला. १९३७ च्या मार्चमध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आपलं जीवन संपवलं.

ही या कथेतली सर्वांत दुःखाची गोष्ट. पुढच्या काळात अभ्यासकांनी दाखवून दिलं की सच्छिद्र वस्तूंच्या सिद्धांतात फिलुंगर यांचंही मोलाचं काम होतं. वाद गणिताचा होता, तो माणसांवर गेला आणि दोन जीव गेले.

१९३६ सालीच अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मातीच्या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि टर्झागी जागतिक संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. हे पद त्याच्याकडे १९५७ पर्यंत राहिलं. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. त्याच वर्षी टर्झागी कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि हार्वर्डमध्ये शिकवू लागला.

बघत बघत बांधणं

अमेरिकेत शिकागो शहराखालून भुयारी रेल्वे खणायचं काम निघालं. शहराखाली मऊ चिकणमाती, वर उंच इमारती. टर्झागीला सल्लागार नेमलं. त्याने कामावरच माती तपासायची व्यवस्था आणि जागोजागी मोजमाप सुरू करायला लावलं. ते काम तरुण राल्फ पेकने सांभाळलं. रस्ता किती खचला, आधाराच्या तुळयांवर किती दाब आला, हे रोज मोजायचं आणि त्याप्रमाणे पुढचं काम बदलायचं.

हीच त्याची खास पद्धत झाली. तपासणी कितीही केली तरी जमिनीतलं सगळं आधी कळत नाही. म्हणून काम चालू असताना मोजत राहायचं, अंदाज चुकला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं, आणि जमीन सांगेल तसा आराखडा बदलायचा. यार्डातल्या भरावात लोखंडी पट्ट्या आणि पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या बसवतात, चिखल खरंच किती बसला हे पाहिल्यावरच वरचा भार काढतात, ते याच विचाराने.

न पटलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, हा त्याचा दुसरा गुण. इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण बांधायचं ठरलं तेव्हा सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. पुढे काम सोव्हिएत इंजिनिअरांकडे गेलं, आराखड्यावरून मतभेद झाले आणि १९५९ साली त्याने राजीनामा दिला. तेव्हा त्याचं वय पंचाहत्तर होतं.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका धरणाच्या तळाशी खूप दबणारी चिकणमाती लागली. तिथे धरण होऊ शकतं हे टर्झागीने दाखवून दिलं. आधी सखोल तपासणी, मग बांधताना सतत मोजमाप. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेत त्याचं निधन झालं. त्यानंतर १९६५ साली त्या धरणाला टर्झागीचं नाव दिलं गेलं. अमेरिकेच्या सिव्हिल इंजिनिअरांचा मानाचा नॉर्मन पदक पुरस्कार त्याला चार वेळा मिळाला होता.

आपल्या प्लॉटपुरतं सांगायचं तर

बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोठ्या लढ्यानंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्यातले बरेच भूखंड भराव टाकून केलेले. पूर्वी कौलारू घराला दगडाचं जोतं पुरायचं. आता त्याच मातीवर चार-सहा मजले चढतात.

जमीन योग्य आहे का, हा प्रश्न नुसत्या ताकदीचाही नसतो. बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठला आणि तिथल्या कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं. त्या जागेत वाळवी निघाली. घरांची लाकडं पोखरली गेली आणि दुसऱ्या पुनर्वसनाची मागणी कित्येक वर्षं चालू राहिली. माणसं वसवायच्या आधी जमिनीला काय काय विचारायला हवं, हे या एका वस्तीवरून कळतं.

घर बांधताना माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतला की काही गोष्टी जरूर बघाव्यात. बोअर किती मारले आणि किती खोल नेले? भराव आणि चिखल ओलांडून घट्ट थरापर्यंत गेले का? भराव किती फुटांचा आणि किती जुना? पाण्याची पातळी कुठे लागली? प्रत्येक खोलीचा एन आकडा दिला आहे का? एसबीसी म्हणजे जमीन पेलेल तो भार दिला आहे, पण त्याबरोबर घर किती बसेल तेही दिलं आहे का? आपल्या भागात पाण्यातल्या क्लोराईड आणि सल्फेटचं प्रमाणही पाहावं लागतं, कारण खारं पाणी सळई गंजवतं आणि काँक्रीट खातं. शेजाऱ्याच्या अहवालावर आपलं घर बांधू नये. डोंगराच्या पायथ्याला कातळ तिरका उतरत जातो, त्यामुळे एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात तो जवळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात खूप खोल असू शकतो. अर्धं घर कातळावर आणि अर्धं चिखलावर आलं की भेग ठरलेली.

पाईल घातले म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. पाईल खडकावर टेकलेले असतात, पण भोवतालचा नवा भराव बसतच राहतो. तो बसताना पाईलना खाली ओढतो, आणि हा जादा भार हिशेबात धरावा लागतो. शिवाय इमारत जागेवर राहते पण ओटा, पायऱ्या, गटार आणि पाण्याचे पाईप खाली जाऊन तुटतात. भराव आधी बसू दिला, किंवा वाती घालून बसवून घेतला, तर हा त्रास कमी होतो.

माती परीक्षणाचा खर्च घराच्या एकूण खर्चापुढे लहान असतो. तरी तोच पहिला वाचवला जातो, कारण तो दिसत नाही. टाईल्स दिसतात, रंग दिसतो, गेट दिसतं. टर्झागीने सारं आयुष्य न दिसणाऱ्या गोष्टीवर घालवलं. मातीच्या कणांमधलं पाणी कुणाला दिसत नव्हतं. त्याने ते साध्या खोक्यात पकडलं, त्याचा वेग मोजला, आणि खचणारी जमीन ही नशिबाची नाही तर हिशेबाची गोष्ट आहे हे दाखवून दिलं. तो हिशेब आता कोणत्याही चांगल्या माती प्रयोगशाळेत करून मिळतो. पाया खोदण्याआधी तो मागायचा की भेग पडल्यावर, एवढंच घरमालकाच्या हातात उरतं.